३२ पानांचे काम

चित्रपुस्तकाला बहुधा ३२ पाने असतात आणि माझ्या कामाचा आकार बऱ्याच अंशी त्या आकड्यावर ठरतो. छापखान्यात मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंवर प्रत्येकी ८ पाने छापली आणि तो कागद घडी घालून कापला की १६ पानांचा एक फर्मा तयार होतो; असे दोन फर्मे मिळून एक पुस्तक बनते. त्यांतून शीर्षकाचे, श्रेयनामावलीचे आणि अर्पणपत्रिकेचे पान वजा केले की गोष्टीसाठी समोरासमोरच्या पानांच्या १२ ते १४ जोड्या उरतात. अगदी लहान मुलांसाठी लिहिणाऱ्याला आपली संपूर्ण गोष्ट या जोड्यांमध्ये बसवावी लागते आणि तीही बहुतेक वेळा पाचशे-सहाशे शब्दांच्या आत. हा मजकूर पाच-दहा मिनिटांत वाचून होतो, तेव्हा तो एखाद्या दुपारी लिहूनही होत असेल, असा समज मला वाचकांमध्ये, नातेवाइकांमध्ये आणि कधी कधी साहित्याच्या व्यासपीठावरही भेटतो. मजकूर छोटा असला म्हणून काम छोटे होत नाही, हे मला मनापासून सांगायचे आहे, आणि ते सांगण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे माझे कामाचे दिवस कशात जातात ते मांडणे.

नव्या लेखनासाठी मी सकाळ राखून ठेवते. पहिला खर्डा मी हाताने आणि ऐसपैस लिहिते. त्यात पात्रांचे स्वभाव, घराचा नकाशा, हवामान, मोठ्या माणसांची मते असे सगळे येऊ देते, कारण ज्या गोष्टी पुढे कापायच्या आहेत त्याही मला आधी नीट माहीत असाव्या लागतात. असा खर्डा दीड-दोन हजार शब्दांचा सहज होतो. त्यानंतर सुरू होते ते खरे काम, आणि त्यासाठी लेखणीइतकीच कात्री लागते. आठ कोरे कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडले आणि शिवले की ३२ पानांची वही तयार होते. आमच्या व्यवसायात तिला डमी म्हणतात. मजकुराच्या पट्ट्या कापून मी त्या वहीत पेन्सिलीच्या पुसट खुणांवर ठेवत जाते, हलवते, काढते आणि वही पुनःपुन्हा पहिल्या पानापासून उलटून पाहते. पडद्यावर मजकूर खाली सरकवताना जे कधीच कळत नाही ते पान उलटताना कळते. पान उलटण्याआधीच्या क्षणी मुलाला काहीतरी हवेसे वाटले पाहिजे आणि उलटल्यावर ते मिळाले पाहिजे, किंवा त्याहून वेगळे काही मिळाले पाहिजे.

सध्या माझ्या टेबलावर एका गोगलगायीची गोष्ट आहे. एका मुलीला पावसानंतर भिंतीवर गोगलगाय सापडते. ती तिला भोके पाडलेल्या डब्यात ओल्या पानांवर ठेवते आणि सकाळी डबा उघडते. माझ्या खर्ड्यात इथे चार वाक्ये होती: ‘सकाळी तिने झाकण उचलले. डबा रिकामा होता. गोगलगाय कुठेच दिसत नव्हती. तिला फार वाईट वाटले.’ वाक्ये साधी आहेत, व्याकरणशुद्ध आहेत आणि पानावर एकाखाली एक ठेवली तर वाचायलाही बरी वाटतात. डमीत मात्र पहिले वाक्य उजव्या पानाच्या तळाशी आले, आणि पान उलटल्यावर काय हवे हा प्रश्न उभा राहिला. तिथे रिकाम्या डब्याचे मोठे चित्र असेल, तर दुसरे वाक्य अनावश्यक ठरते. तिसरे वाक्य दुसऱ्याचीच पुनरुक्ती आहे. चौथ्या वाक्याने तर ऐकणाऱ्या मुलाचे काम आपण हिसकावून घेतो, कारण मुलीला काय वाटले ते तिच्या चेहऱ्याकडे पाहून मुलाला आपले आपण कळणार असते आणि ते कळण्यातच त्याचा आनंद असतो. तीनही वाक्ये मी काढली. आता त्या जोडीवर एकही शब्द नाही. वाचून दाखवणारे मोठे माणूस तिथे थांबते आणि मूल बोलू लागते. तो थांबा मिळवण्यासाठी माझ्या कित्येक सकाळी गेल्या आणि त्या सत्कारणी लागल्या असे मी मानते.

लहान मुलांचे पुस्तक डोळ्यांआधी कानांनी वाचले जाते. घरातले कोणीतरी दिवसभराच्या कामानंतर, बहुधा दमलेल्या आवाजात, तीच गोष्ट रात्रीमागून रात्री वाचणार असते. त्या माणसाची जीभ अडखळली तर गोष्ट अडखळते, म्हणून प्रत्येक मसुदा मी खोलीत फेऱ्या मारत मोठ्याने वाचते, फोनवर ध्वनिमुद्रित करते आणि दुसऱ्या दिवशी मजकूर समोर न ठेवता ऐकते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने ‘होती’, ‘होती’, ‘होती’ असे शेवट सलग आले की गोष्टीला पाढ्यांची चाल लागते. लिहिताना हे कळत नाही, पण ऐकताना लगेच टोचते. मग एखादे क्रियापद आधी आणावे लागते, एखादे वाक्य अर्ध्यावर सोडावे लागते, कधी नुसत्या नामावर थांबावे लागते. लय म्हणजे यमक नव्हे, हे मी कार्यशाळांमध्ये आग्रहाने सांगते. यमकासाठी ओढून आणलेला शब्द मुले क्षणात ओळखतात. उलट नीट तोललेले गद्य ती दुसऱ्याच वाचनात पाठ म्हणू लागतात.

मुलाला वाचून दाखवायचे पुस्तक आणि मुलाने स्वतः वाचायचे पुस्तक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की दोन्ही बिघडतात. वाचून दाखवायच्या पुस्तकात मी कोणत्याही शब्दाला घाबरत नाही. ‘आश्चर्य’, ‘लुसलुशीत’, ‘गडगडाट’ असे शब्द मुलांना तोंडात घोळवायला आवडतात, अर्थ संदर्भाने लागतो आणि न लागल्यास मूल विचारते. नुकतेच अक्षर लावू लागलेल्या मुलासाठी लिहिताना मात्र प्रत्येक जोडाक्षराचा हिशेब ठेवावा लागतो. रफार उच्चारात अक्षराच्या आधी येतो, पण लिपीत त्याच अक्षराच्या डोक्यावर बसतो; ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण उच्चारायची नंतर. शाळेची पहिली पायरी चढणाऱ्या मुलाच्या डोळ्यांना ही खरोखरीची कसरत असते. तरीही केवळ सोप्या अक्षरांच्या हट्टापायी कोणीही कधीच बोलणार नाही अशी वाक्ये रचणे मला पटत नाही. वाक्य आधी जिवंत असावे, त्यानंतर सोपे; दोन्ही साधेपर्यंत ते वाक्य वहीत राहते.

ओळ कुठे तोडायची हाही माझ्या लेखी मजकुराचाच भाग आहे. ‘तिने डब्याचे’ इथे ओळ संपवून ‘झाकण हळूच उचलले’ खालच्या ओळीवर टाकले, तर नवखा वाचक डब्यापाशीच अडकतो. ‘तिने हळूच’ वर ठेवून ‘डब्याचे झाकण उचलले’ खाली घेतले, तर अर्थाचा तुकडा सबंध राहतो आणि श्वासही योग्य जागी घेतला जातो. अशा गोष्टी संपादकाला आणि मांडणीकाराला लिहून कळवाव्या लागतात, आणि त्यांनी कारण विचारले तर ते सांगता यावे लागते.

दुपारी मी माहिती पडताळते. गोष्ट कल्पित असली तरी त्यातली गोगलगाय खरी असली पाहिजे, कारण मुले आमच्या शब्दावर ज्या विश्वासाने विसंबतात तेवढ्या विश्वासाने मोठे वाचक विसंबत नाहीत. जमिनीवर राहणाऱ्या नेहमीच्या गोगलगायींना शिंगांच्या दोन जोड्या असतात. डोळे वरच्या, लांब जोडीच्या टोकांवर असतात आणि खालची आखूड जोडी वास आणि स्पर्श यांच्या कामी येते. हवा कोरडी झाली की अनेक जातींच्या गोगलगायी शंखाचे तोंड वाळलेल्या चिकट पापुद्र्याने बंद करून पडून राहतात. शंख वाढवण्यासाठी त्यांना चुनखडीचा अंश लागतो. त्यांच्या तोंडात कानशीसारखी पट्टी असते, तिच्यावर हजारो बारीक दात असतात आणि त्या पट्टीने त्या अन्न खरवडून खातात. यांतली बहुतेक माहिती गोष्टीत येणार नाही. पण ती माझ्याकडे असल्यामुळे मुलीने डब्यात सुके गवत न ठेवता ओली पाने ठेवली आणि चित्रकाराला शिंगांविषयी नेमकी टिपण पाठवता आली. ग्रंथालयात घालवलेले असे तास कोणत्याही पानावर दिसत नाहीत, आणि ते तसेच असायला हवे.

शाळाभेटी हा माझ्या महिन्याचा ठरलेला भाग आहे. त्यांच्याकडे पुस्तकाचा प्रचार म्हणून पाहणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. मी तिथे ऐकायला जाते. अपूर्ण गोष्टीची डमी वाचताना मुले कुठे हसतात यापेक्षा ती कुठे चुळबुळ करतात, कुठे शेजाऱ्याकडे वळतात आणि कुठे पुढे सरकतात याच्या खुणा मी मनात करत जाते. शिक्षकांना मी आधीच विनंती करते की, वाचन चालू असताना मुलांना गप्प बसवू नका. गोष्टीत बोलणारे मूल गोष्टीच्या आतच असते. गोगलगायीची डमी घेऊन एका वर्गात गेले असताना मी त्या शब्द नसलेल्या जोडीशी थांबले. मागच्या रांगेतला एक मुलगा उठून म्हणाला, “ताई, झाकण उलटं करून बघा ना. ती वर चढून तिथंच चिकटते.” त्याने स्वतः गोगलगाय पाळली होती. त्याच्या आवाजात शंका नव्हती. डब्याचा अनुभव असलेल्या माणसाची खात्री होती. माझ्या गोष्टीत गोगलगाय बागेत परत सापडत होती. या मुलाने दिलेला शेवट अधिक खरा होता, अधिक जवळचा होता आणि त्यासाठी मुलीला घराबाहेर पडण्याचीही गरज नव्हती. वर्गातून निघण्यापूर्वी मी त्याची परवानगी घेतली आणि तो शेवट गोष्टीत घेतला. पुस्तकाच्या श्रेयनामावलीत त्या वर्गाचे आभार असतील.

भेटीची एक शिस्तही असते आणि ती पाळणे मी माझ्या कामाचाच भाग समजते. वर्गात शिक्षक पूर्ण वेळ असावेत, मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीशिवाय कुठेही जाऊ नयेत आणि प्रश्नांसाठी वाचनाइतकाच वेळ राखलेला असावा, हे मी आधीच लेखी ठरवून घेते. प्रश्नांचा वेळ मला सर्वांत मोलाचा वाटतो. पुस्तकाची चित्रे तुम्हीच काढता का, एक पुस्तक लिहायला किती दिवस लागतात, तुम्हाला कोणी ओरडते का, असे प्रश्न मुले विचारतात आणि लेखक हा जिवंत, चालता-बोलता माणूस असतो हे पाहून काहींना खरोखर नवल वाटते. ज्या मुलाला हे कळते की पुस्तक कोणीतरी बसून, खोडून, पुन्हा लिहून तयार केलेले असते, त्याला आपले खोडलेले पानही वेगळे दिसू लागते.

चित्रकाराशी माझा संवाद बहुतेक वेळा संपादकामार्फत होतो, आणि बाहेरच्या लोकांना हे विचित्र वाटते. या पद्धतीमागे विचार आहे. चित्रकार हा दुसरा लेखक असतो; मी त्याच्या खांद्यावरून डोकावत राहिले तर तो माझ्या वाक्यांची केवळ नक्कल काढील. म्हणून मुलीच्या कपड्यांचा रंग, घराची ठेवण, वेणी की मोकळे केस यांबद्दल मी एक अक्षरही लिहीत नाही. गोष्टीचा अर्थ ज्यावर अवलंबून आहे तेवढीच टीप देते. या पुस्तकात ती टीप झाकणाची होती. पेन्सिलीची कच्ची चित्रे आली तेव्हा चित्रकाराने रिकाम्या डब्याच्या चित्रात मुलीच्या हातातले झाकण किंचित तिरपे धरले होते आणि त्याच्या कडेखालून दोन बारीक शिंगांची टोके दिसत होती. मुलगी डब्यात पाहते आहे, तिला ती दिसत नाहीत. मांडीवर बसून ऐकणाऱ्या मुलाला मात्र ती दिसणार आहेत, आणि त्या जोडीवर ते तिला ओरडून सांगणार आहे. मी काढून टाकलेल्या तीन वाक्यांच्या जागी चित्रकाराने हे ठेवले. मजकुरात ती तीन वाक्ये राहिली असती तर चित्रात एवढी जागा उरली नसती.

कच्च्या चित्रांच्या टप्प्यावर काही अगदी तांत्रिक बाबीही पाहाव्या लागतात. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात चेहरा किंवा महत्त्वाची वस्तू मधल्या घडीत जाता कामा नये, कारण बांधणीत तेवढा भाग गिळला जातो. मजकूर शक्यतो काळ्या रंगातच ठेवतात, यालाही कारण आहे. रंगीत छपाई निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांच्या चार प्लेटांवर होते. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर असेल तर दुसऱ्या भाषेतली आवृत्ती छापताना तेवढी एक प्लेट बदलून भागते, आणि दोन-तीन भाषांतल्या आवृत्त्या एकत्र छापल्यास खर्च बराच कमी होतो. म्हणूनच चित्रात पाट्या, फलक, अंगरख्यावरची अक्षरे असू नयेत, अशी सूचना आम्ही आधीच देतो. करारापासून छापील प्रत हातात येईपर्यंत दीड-दोन वर्षे जाणे यात काही नवल नाही; त्यातला मोठा वाटा चित्रांचा असतो आणि तो त्यांना मिळायलाच हवा.

मुद्रितशोधन मी स्वतःही करते, प्रकाशनसंस्थेचे शोधक असले तरीही. एका टंकातून, म्हणजे फाँटमधून, दुसऱ्या टंकात मजकूर नेताना जोडाक्षरे फुटतात, ‘ऱ्या’चे भलतेच काही होते, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि ओळींमधले अंतर कमी ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. मोठ्यांच्या कादंबरीत निसटलेले एखादे अक्षर वाचक मनात दुरुस्त करून पुढे जातो. नुकतेच वाचू लागलेले मूल मात्र छापलेले अक्षर प्रमाण मानते, आणि एखाद्या पानावर सहाच शब्द असतील तर त्यांतला एक चुकीचा असणे फार मोठी गोष्ट असते. म्हणून मी मुद्रिते एकदा सरळ वाचते, एकदा शेवटच्या पानापासून उलट वाचते आणि एकदा फक्त जोडाक्षरे पाहत जाते.

संध्याकाळचा थोडा वेळ मुलांच्या पत्रांसाठी असतो. ती बहुतेक शाळेमार्फत किंवा पालकांमार्फत येतात आणि उत्तरेही त्याच मार्गाने जातात. मी उत्तर हाताने, मोठ्या अक्षरात आणि मोजक्या वाक्यांत लिहिते, शुद्धलेखन दुरुस्त करत नाही आणि विचारले असेल त्याचेच उत्तर देते. गाव सोडून गेलेल्या माझ्या एका पात्राला पुढे मित्र मिळाला का, असे एका मुलीने विचारले होते. अशा वेळी ‘तुला काय वाटते?’ असे लिहून मोकळे होण्याची रीत मला आवडत नाही. मुलांना ती टाळाटाळ वाटते आणि त्यांचे बरोबर असते. मी लिहिले की पुस्तकात ते नाही, पण माझ्या मनातल्या गोष्टीत त्याला शेजारच्या घरात एक मित्र मिळाला आणि त्या दोघांचे पहिल्याच दिवशी भांडण झाले. पत्र आणि पुस्तक यांचे नाते बालसाहित्यात फार जुने आहे. ‘पीटर रॅबिट’ या सशाच्या गोष्टीच्या इंग्रज लेखिका बीट्रिक्स पॉटर यांनी ४ सप्टेंबर १८९३ रोजी एका आजारी, पाच वर्षांच्या मुलाला चित्रांसह एक गोष्ट पत्रातून पाठवली. पुढे तेच पत्र परत मागून घेऊन त्यांनी त्याचे पुस्तक केले, प्रकाशकांनी ते नाकारले तेव्हा डिसेंबर १९०१ मध्ये स्वखर्चाने २५० प्रती छापल्या, आणि १९०२ मध्ये ते एका प्रकाशनसंस्थेकडून बाजारात आले. नकाराच्या पत्रांपेक्षा मला त्या गोष्टीतला पहिला भाग महत्त्वाचा वाटतो: ती गोष्ट एका विशिष्ट मुलासाठी लिहिलेली होती. माझ्याही प्रत्येक खर्ड्याच्या कोपऱ्यात एका मुलाचे नाव पेन्सिलीने लिहिलेले असते. ‘बालवाचक’ नावाच्या समूहासाठी लिहू लागले की माझी वाक्ये उपदेश करू लागतात. एका मुलासाठी लिहिताना ती आपोआप सरळ होतात.

एप्रिल जवळ आला की निमंत्रणे वाढतात. डॅनिश परीकथाकार हान्स क्रिश्चन अँडरसन यांचा जन्मदिवस २ एप्रिल हा १९६७ पासून आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून पाळला जातो. या दिवसामागे असलेली संस्था १९५३ मध्ये झुरिचला स्थापन झाली आणि तिच्या मुळाशी येला लेपमन या बाईंचे काम आहे. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या जर्मनीत त्यांनी देशोदेशींची बालपुस्तके गोळा करून १९४६ मध्ये प्रदर्शन भरवले आणि १९४९ मध्ये म्युनिकला मुलांचे आंतरराष्ट्रीय ग्रंथालय उभे केले. लोकांकडे अन्न आणि छप्पर नसताना मुलांच्या पुस्तकांचा आग्रह धरणारी ती बाई माझ्यासाठी या व्यवसायातले सर्वांत आदराचे नाव आहे. मात्र त्या एका दिवसासाठी सगळ्यांनी बोलावण्याऐवजी वर्षभरात कधीही बोलवावे, असे मी प्रत्येक शाळेला कळवते, आणि बहुतेक शाळा ते आनंदाने मान्य करतात.

आता पैशांविषयी, कारण त्याविषयी न बोलण्याची जी रीत आहे तिने नव्या लेखकांचे नुकसान होते. चित्रपुस्तकाची रॉयल्टी लेखक आणि चित्रकार यांच्यात विभागली जाते. करारावेळी मिळणारी आगाऊ रक्कम विक्रीच्या हिश्श्यातून वळती होईपर्यंत पुढचा पैसा हाती येत नाही, आणि हिशेब सहा महिन्यांनी किंवा वर्षातून एकदा येतो. केवळ पुस्तकांवर ज्यांचे घर चालते असे बालसाहित्यिक फार थोडे आहेत. बाकीचे अनुवाद, मासिकांतले लेखन, कार्यशाळा, पाठ्यपुस्तकांची कामे आणि शाळाभेटी यांतून महिना जुळवतात. म्हणूनच करार वाचण्यासाठी मी पूर्ण दुपार देते. अनुवादाचे, ध्वनिपुस्तकाचे आणि ई-पुस्तकाचे हक्क कोणाकडे, पुस्तक बाजारात मिळेनासे झाले तर हक्क लेखकाकडे केव्हा परत येतात आणि मजकूर संगणकीय प्रणालींच्या प्रशिक्षणासाठी वापरायला परवानगी आहे की नाही, ही कलमे मी अधोरेखित करून संपादकांशी बोलते. ग्रंथालयातून पुस्तक वाचायला नेले जाते तेव्हा लेखकाला सरकारी निधीतून मोबदला देण्याची पद्धत डेन्मार्कने १९४६ मध्ये सुरू केली आणि ब्रिटनने १९७९ मध्ये तसा कायदा केला. मुले एकच पुस्तक ग्रंथालयातून पुन्हा पुन्हा नेतात, त्यामुळे जिथे ही पद्धत आहे तिथे बालसाहित्यिकांना तिचा खरा आधार वाटतो. ती सर्वत्र असावी असे माझे ठाम मत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत, १७ व्या कलमात, मुलांच्या पुस्तकांच्या निर्मितीला आणि प्रसाराला उत्तेजन देण्याची जबाबदारी राष्ट्रांनी स्वीकारलेली आहे. ती निर्मिती करणाऱ्यांना जगता आले पाहिजे, हे त्यातच अनुस्यूत आहे.

प्रसिद्धी मिळेल, मुलांना आनंद होईल, एवढ्यावर बोलावणारी पत्रे मला आजही येतात. अशा निमंत्रकांवर माझा राग नाही, पण मी आता पहिल्याच उत्तरात मानधन लिहिते आणि भेटीत काय काय येते तेही सांगते: वयोगटानुसार तयारी, प्रवास, प्रत्यक्ष वाचन, प्रश्नोत्तरे आणि नंतर येणाऱ्या पत्रांची उत्तरे. ज्या शाळेला खरोखरच ते शक्य नाही तिच्यासाठी मी वर्षातल्या काही भेटी विनामूल्य ठेवते, मात्र कोणत्या ठेवायच्या ते मी ठरवते. कोणी लेखकाला बोलावण्याच्या विचारात असेल, तर माझी विनंती एवढीच आहे की मुलांनी त्या लेखकाचे निदान एक पुस्तक आधी हातात घेतलेले असावे, सभागृहभर गर्दी करण्याऐवजी एका वेळी एकच वर्ग बसवावा, आणि मानधन, वेळ व मुलांचा वयोगट या तीन गोष्टी पहिल्याच पत्रात लिहाव्यात.